घरी गाडीचं ऑईल बदललं, पण निघालेलं काळं ऑईल टाकायचं कुठं?

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की साधारण चाळीस किलोमीटरवर पहूर लागतं. जामनेर तालुक्यातलं हे गाव. इथून एक रस्ता जामनेरला जातो, एक शेंदुर्णीवरून पाचोऱ्याला आणि सरळ गेलं की फर्दापूर आणि अजिंठ्याचा घाट. पाचोरा-जामनेर ही छोटी 'पीजे' गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली. त्यामुळे या पट्ट्यात आता दुचाकी, पिकअप आणि जुन्या-नव्या छोट्या कार यांच्यावरच सगळं चालतं. साहजिकच रस्त्याच्या कडेला गॅरेजही बरीच दिसतात.

माझे मामा इथे राहतात. त्यांच्याकडे सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. मागच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून तिचं इंजिन ऑईल आणि फिल्टर अंगणातच बदललं. तासाभराचं काम होतं. बघायला चार शेजारी जमले आणि चौघांनी पाच सल्ले दिले, त्यातले निम्मे मामांना सोडून मलाच होते. काम झालं, गाडी सुरू झाली, सगळे चहाला बसले. तेव्हा मामींनी ओट्यावरच्या घमेल्याकडे बोट दाखवून विचारलं, "आता हे कुठं ओतायचं?"

घमेल्यात तीन लिटर काळंभोर ऑईल होतं. कोणाकडेच सरळ उत्तर नव्हतं. एकजण म्हणाला, गटारीत. दुसरा म्हणाला, लाकडाला लावा, वाळवी लागत नाही. तिसऱ्याला ते घराच्या स्लॅबच्या सेंट्रिंगसाठी हवं होतं.

या प्रश्नाचं उत्तर देणारा एक कायदेशीर नियम १ एप्रिल २०२४ पासून देशात लागू आहे. तो नक्की काय सांगतो आणि पहूरच्या अंगणापर्यंत का पोहोचत नाही, ते समजून घेऊया. त्याआधी मुळात लोक हे काम घरी का करायला लागले, तिथून सुरुवात करू.

घरी ऑईल बदलणं खरंच इतकं सोपं आहे का?

बऱ्यापैकी सोपं आहे, पण एका बाबतीत जिवावर बेतू शकतं.

काम असं चालतं. गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवायची, म्हणजे ऑईल पातळ होतं आणि नीट निथळतं. फार गरम करायची नाही, हात भाजतो. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडाचे ठोकळे. खाली जायला जागा हवी असेल तर गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. जॅक टायर बदलण्यासाठी असतो आणि तो घसरला तर सावरायला वेळ मिळत नाही. स्टँड नसतील तर हे काम घरी करू नका. हा लेख वाचून कोणाला एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल.

मग इंजिनखालचा ड्रेन नट पान्याने सोडायचा, खाली घमेलं ठेवायचं. ऑईल निथळलं की नट नवं वायसर घालून परत बसवायचा. जोर लावून आवळण्याची हौस अनेकांना असते. इंजिनखालचं ऑईलचं भांडं बऱ्याच गाड्यांमध्ये ॲल्युमिनियमचं असतं, त्याचे आटे गेले की हजारांत खर्च. नंतर फिल्टर. तो सोडताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली नाही ना, हे बघायचं. ती राहिली आणि वरून नवा फिल्टर बसवला, तर दोन रिंगांमधून ऑईल उडतं आणि काही मिनिटांत इंजिन कोरडं पडतं. गॅरेजमध्येही ही चूक होते. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने थोडं ऑईल लावायचं, फिल्टर हाताने फिरवत टेकवायचा आणि मग साधारण पाऊण फेरा घट्ट करायचा.

वरून नरसाळ्याने नवं ऑईल भरायचं, गाडी सुरू करायची, ऑईलचा लाल दिवा विझतो का ते बघायचं. बंद करून काही मिनिटं थांबायचं आणि पट्टी काढून पातळी तपासायची. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये असली की झालं.

ऑईल कुठलं, हे मात्र शेजाऱ्याला विचारायचं नाही. गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. नव्या पेट्रोल गाड्यांना बहुतेक वेळा अगदी पातळ ऑईल चालतं, आणि "उन्हाळा आहे, जाड टाका" हा खान्देशात हमखास मिळणारा सल्ला त्यांना लागू होत नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. तिला कमी राख सोडणारं खास ऑईल लागतं, दुसरं टाकलं तर जाळी तुंबते.

खर्चाचं गणित असं की छोट्या पेट्रोल कारला तीन-साडेतीन लिटर ऑईल आणि शे-दोनशेचा फिल्टर लागतो. सर्व्हिस सेंटरच्या बिलात या दोन ओळींच्या खाली मजुरी, सफाई, कसली कसली 'ट्रीटमेंट' अशा आणखी चार ओळी असतात. मामांचा राग त्या चार ओळींवर होता.

पण मग वॉरंटी जाते का?

मामांनी हेच काम गाडी नवी असताना करायचं ठरवलं होतं. तेव्हा एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून त्यांना सांगण्यात आलं, "बाहेर पाना लावलात तर वॉरंटी संपली." त्यांनी विषय सोडला.

असं सरसकट सांगणं योग्य आहे का, हा प्रश्न देशात दहा वर्षांपूर्वीच गाजला होता. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सगळ्यात मोठा वाटा मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सचा होता, सुमारे १,३४६ कोटी. महिंद्राला सुमारे २९२ कोटी. आरोप असा की कंपन्या सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं स्वतःच्या डीलरपुरतीच ठेवतात आणि बाहेरच्या गॅरेजवाल्यांची वाट अडवतात.

आपल्या प्रश्नाचं उत्तर त्याच आदेशात होतं. ग्राहकाने बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं आयोगाने म्हटलं. यानंतर कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाच्या रकमेवरून प्रकरण पुढे बरीच वर्षं लढलं गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली आहेत.

कागदावर ग्राहकाची बाजू भक्कम आहे. तरी माझं मत विचाराल तर वॉरंटी असेपर्यंत ऑईल बदलणं कंपनीकडेच करा. हक्क आहे म्हणून जळगावच्या ग्राहक आयोगात तारखा करायला कोणाला हौस नसते. वॉरंटी संपली की मोकळे. तेव्हाही ऑईल-फिल्टरची बिलं आणि किलोमीटरची नोंद ठेवा, गाडी विकताना उपयोगी पडते.

काळं ऑईल एवढं वाईट का?

आता घमेल्याकडे परत येऊ.

ऑईल काळं झालं म्हणजे ते 'जळालं' असं आपण म्हणतो, पण मूळ तेल जळून संपलेलं नसतं. त्यात घातलेली रसायनं संपतात आणि काजळी, झिजलेल्या धातूचे कण, थोडं इंधन, थोडं पाणी त्यात मिसळतं. त्यातले काही घटक कर्करोगाला कारण ठरणारे आहेत. हातमोजे घालून काम करा हे सांगण्याचं कारण तेच. इथले बहुतेक मेकॅनिक उघड्या हातांनी, दिवसातून अनेकदा हे ऑईल हाताळतात आणि पेट्रोलने हात धुतात.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं एक नेहमी दिलं जाणारं गणित आहे. एका गाडीतून एकदा निघालेलं ऑईल १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी खराब करू शकतं. हा आकडा पिण्यायोग्यतेच्या कडक निकषावरचा आहे, ३८ लाख लिटर पाणी काळं होईल असा त्याचा अर्थ नाही. पण तेल पाण्यावर पसरतं, लवकर कुजत नाही आणि मातीत मुरलं की वर्षानुवर्षं राहतं, हे खरंच आहे.

पहूरला याचा अर्थ काय होतो, ते नकाशावर बघा. अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालणारी वाघूर नदी फर्दापूरकडून उतरून पहूरवरून पुढे जाते. पुढे तिच्यावर वाघूर धरण आहे. जळगाव शहर पिण्याचं पाणी त्याच धरणातून घेतं. पहूरच्या गटारीत ओतलेल्या तीन लिटरने जळगावचं पाणी बिघडेल असं मी म्हणत नाही. पण पावसाळ्यात गटारीचं पाणी ज्या उताराने जातं, त्याच्या तळाशी एका शहराचा नळ आहे. आणि तीन लिटर एका घराचे झाले. दुचाकी, ट्रॅक्टर, पिकअप, मळणीयंत्रं आणि डिझेलचे पंप धरा. ट्रॅक्टरच्या इंजिनातून एका वेळी कारच्या दुप्पट आणि त्याहूनही जास्त ऑईल निघतं, आणि ते बहुतेकदा विहिरीजवळच्या शेडमध्ये काढलं जातं.

गटारीत न जाणारं ऑईल तरी कुठे जातं? आपल्याकडे त्याला गिऱ्हाईक भरपूर. सेंट्रिंगच्या पाट्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, लोखंडी गेटला गंज नको म्हणून, रस्त्याची धूळ बसावी म्हणून. काही ठिकाणी खरूज झालेल्या जनावराच्या अंगालाही लावतात. जनावर अंग चाटतं, आणि मग ते पोटात जातं. भट्ट्यांमध्ये स्वस्त इंधन म्हणूनही हे ऑईल जाळतात. तेव्हा त्यातले जड धातू धुरातून बाहेर पडतात.

या सगळ्याला 'पुनर्वापर' म्हणण्याचा मोह होतो, कारण काही वाया गेलेलं दिसत नाही. खरा पुनर्वापर वेगळा असतो. वापरलेलं ऑईल कारखान्यात शुद्ध करून त्यातून परत मूळ वंगण तेल काढता येतं. त्याच अमेरिकी संस्थेच्या हिशोबाने साधारण २.४ लिटर चांगलं वंगण तेल बनवायला १५९ लिटर कच्चं तेल लागतं. तेवढंच वंगण ३.८ लिटर वापरलेल्या ऑईलमधून मिळतं. आपला देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. त्या हिशोबाने सेंट्रिंगच्या पाटीला फासलेलं ऑईल बरंच महागात पडतं.

महाराष्ट्राने काळ्या ऑईलचा एक मोठा खटला पाहिलाय

उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात वंगण तेल असल्याचं दाखवून परदेशातून आणलेले १३३ कंटेनर पडून होते. आत धोकादायक टाकाऊ ऑईल निघालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ५ जानेवारी २००५ ला न्यायालयाने ते ऑईल योग्य भट्टीत जाळून नष्ट करण्याचा आणि त्याचा खर्च आयातदारांकडून घेण्याचा आदेश दिला. 'जो प्रदूषण करतो त्याने भरावं' हे तत्त्व तिथे लागू झालं.

तेव्हा सोपं होतं असं म्हणायला हरकत नाही. कंटेनर मोजता येत होते, आयातदारांची नावं कागदावर होती. गावोगावी तीन-तीन लिटरने साठणाऱ्या ऑईलचा आयातदार कोण?

२०२४ चा नियम काय म्हणतो?

वापरलेलं ऑईल २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांमध्ये आधीपासून होतंच. १८ सप्टेंबर २०२३ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने त्या नियमांत दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. वंगण तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी' आली. सोप्या भाषेत, तुम्ही ऑईल विकलंत, तर वापरून झाल्यावर त्यातला ठरावीक हिस्सा शुद्ध होऊन परत येईल याचीही जबाबदारी तुमची.

सुरुवातीच्या वर्षाला हा हिस्सा ५ टक्के ठेवला आणि पुढे टप्प्याटप्प्याने तो ५० टक्क्यांपर्यंत नेण्याचं ठरलं. शंभर टक्के का नाही? कारण वापरात काही ऑईल इंजिनातच जळतं, काही गळतं.

कंपनीने स्वतः गावोगाव ड्रम घेऊन फिरावं, अशी अपेक्षा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर उत्पादक, ऑईल गोळा करणारे एजंट आणि शुद्ध करणारे कारखाने नोंदणी करतात. कारखान्याने जेवढं ऑईल शुद्ध केलं तेवढ्याची प्रमाणपत्रं त्याला मिळतात. उत्पादक ती विकत घेऊन आपलं उद्दिष्ट पूर्ण झाल्याचं दाखवतो. उद्दिष्ट चुकलं तर पर्यावरण भरपाई.

व्यवस्था वाईट नाही. कारखान्याला प्रमाणपत्राचे पैसे मिळाले तर तो एजंटला ऑईलचा जास्त भाव देऊ शकेल, एजंट गॅरेजला देईल, आणि भट्टीवाल्यापेक्षा चांगला भाव मिळाला की ऑईल आपोआप योग्य दिशेने जाईल, असा हा विचार आहे. मोठ्या शहरातलं सर्व्हिस सेंटर, एसटीचा डेपो, कारखाना यांच्याकडे ऑईल ड्रमांनी साठतं. तिथे हे जमू शकतं.

अडचण साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे. कंपनीचं उद्दिष्ट टनांत मोजलं जातं आणि ते टन कुठूनही आले तरी चालतात. मग एजंट पुण्या-मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातून एका फेरीत टँकर भरेल, की पहूर-शेंदुर्णीच्या गॅरेजांतून अर्धा-अर्धा ड्रम उचलत बसेल? उद्दिष्ट कमी असेपर्यंत तर मोठे साठे उचलूनच ते भागतं. आणि घरी ऑईल बदलणारा माणूस या नोंदणीच्या चौकटीत कुठेच नाही. गावातल्या घंटागाडीला ओला आणि सुका असे दोन कप्पे असतात. तीन लिटर ऑईलचा कॅन त्यातल्या कशातच बसत नाही.

बॅटरी परत जाते, मग ऑईल का नाही?

यावरचं उत्तर पहूरच्या बाजारातच सापडतं. गाडीची बॅटरी संपली की जुनी कोणी उकिरड्यावर फेकत नाही. जुनी दिली की दुकानदार नवीच्या किमतीतून पैसे वजा करतो. डीलरने जुन्या बॅटऱ्या परत घ्याव्यात, हे २००१ च्या बॅटरी नियमांपासून अपेक्षित आहे. पण खरं काम केलं ते पैशाने. आतल्या शिशाला भाव आहे, म्हणून जुन्या बॅटरीलाही भाव आहे, आणि तो थेट गिऱ्हाईकाच्या हातात पडतो.

ऑईलच्या बाबतीत तसं होत नाही. ऑईलचा डबा ज्या दुकानातून घेतला, त्या दुकानाचा रिकाम्या डब्याशी आणि काळ्या ऑईलशी संबंध उरत नाही. जर्मनीत जो इंजिन ऑईल विकतो, त्याने विकलं तेवढं वापरलेलं ऑईल फुकट परत घेण्याची सोय करावी लागते. कॅलिफोर्नियात प्रमाणित केंद्रांवर घरगुती ऑईल मोफत स्वीकारतात, आणि मागितलं तर गॅलनमागे ४० सेंटही देतात. दोन्हीकडे नियमाची सुरुवात काउंटरवरच्या गिऱ्हाईकापासून होते. आपला नियम कारखान्याच्या गेटपासून सुरू होतो आणि मागे मागे येत गॅरेजपर्यंत पोहोचेल अशी आशा धरतो.

डब्यामागे वीस-तीस रुपये अनामत ठेवा, काळं ऑईल त्याच डब्यात परत आणलं की परत द्या, असं काही करता येईल. दुकानदार कुरकुर करतील, आणि त्यांची कुरकुर रास्त असेल, कारण दुकानात ड्रम ठेवायला जागा आणि परवानगी दोन्ही लागेल. पण पेट्रोल पंपांना तेलाच्या टाक्या सांभाळायची सवय आहे, बहुतेक पंपांवर ऑईलचे डबे विकायलाही असतात, आणि पंप चालवणाऱ्या तेल कंपन्याच वंगणाच्या मोठ्या उत्पादक आहेत. जबाबदारी ज्यांच्यावर टाकली आहे त्यांचाच फलक पहूरच्या रस्त्यावर उभा आहे. परतीचा ड्रम तिथे ठेवायला सांगणं फार मोठी मागणी नाही.

तोपर्यंत काय करायचं?

ऑईल नव्या ऑईलच्याच रिकाम्या डब्यात भरून झाकण घट्ट लावा. त्यात पाणी, रॉकेल, कूलंट, ब्रेक ऑईल काही मिसळू नका. भेसळ झालेलं ऑईल शुद्ध करणं अवघड होतं आणि मग त्याच्या वाट्याला भट्टीच येते. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर अजिबात भरू नका, घरात लहान मुलं असतात. जुना फिल्टर उलटा करून रात्रभर निथळत ठेवा. त्यात बरंच ऑईल अडकलेलं असतं, आणि निथळल्यावर उरतं ते लोखंड भंगारात जाऊ शकतं. अंगणात सांडलं तर पाणी मारू नका, लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून उचला.

मग तो डबा जास्त गिऱ्हाईक असलेल्या गॅरेजला किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या. देताना एकच विचारा, तुमचं ऑईल कोण नेतं? पन्नास लिटरच्या वर साठणाऱ्या ठिकाणी एजंटची गाडी यायची शक्यता तुमच्या अंगणापेक्षा कितीतरी जास्त आहे.

मामांनी तेच केलं. स्लॅबवाल्या शेजाऱ्याला "पुढच्या वेळी" म्हणत टाळलं आणि दुसऱ्या दिवशी डबा स्टँडजवळच्या ओळखीच्या गॅरेजला नेऊन दिला. कोपऱ्यातला दोनशे लिटरचा ड्रम अर्धा भरलेला होता. मेकॅनिकने डबा त्यात रिकामा केला आणि परत दिला. महिन्या-दोन महिन्यांनी जळगावकडून एक पिकअप येते, लिटरवर पैसे देते आणि ड्रम घेऊन जाते, एवढं त्याला माहीत होतं. ती गाडी शुद्ध करणाऱ्या कारखान्याकडे जाते की भट्टीकडे, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. पावती मिळते का, असं मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "ताई, काळ्या ऑईलची कसली पावती?"